उन्हातले दिवे आणि आखाजीची घागर

डिसेंबर २०२३ मधली ही गोष्ट. मेलबर्न शहराच्या आयव्हनहो नावाच्या उपनगरात एका वळणावळणाच्या रस्त्याच्या कडेला मी मुलगा, सून आणि आठ वर्षांच्या नातीबरोबर दिवे लागण्याची वाट पाहत उभा होतो. रस्त्याचे नाव 'द बुलेव्हार्ड'. नाताळाच्या रोषणाईसाठी हा रस्ता सबंध शहरात प्रसिद्ध आहे. घड्याळात साडेआठ वाजले होते आणि अजून सूर्य मावळला नव्हता. माणसे अर्ध्या विजारी घालून, हातात आइसक्रीम घेऊन फिरत होती. घराघरांच्या अंगणात लाल लोकरी झगा घातलेले नाताळबाबा, बर्फावरून घसरणाऱ्या गाड्या आणि पांढऱ्या कापसाचे ढीग मांडले होते. एका घराच्या खिडकीच्या काचेवर कोणी तरी पांढऱ्या फवाऱ्याने हिमकण काढले होते आणि त्याच काचेच्या आत विजेचा पंखा फिरत होता.

आम्ही बऱ्हाणपूरकर. उन्हाळा म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तरी सूर्य मावळायची वाट पाहत दिव्यांच्या माळांखाली उभे राहण्याचा तो प्रसंग मला चमत्कारिक वाटला. नऊ वाजून गेल्यावर अंधार पडला, दिवे उजळले, आणि गर्दीतून एक लांब 'आऽऽ' उमटला. नातीने माझा हात ओढून विचारले, "आजोबा, हा नाताळ उलटा आहे का?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मुलांनी प्रश्न विचारला की उत्तर देण्याची सवय लागलेली. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही, कारण आठ महिन्यांपूर्वी जवळजवळ याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी तिच्या बापाला दिले होते. ती हकीकत पुढे येईलच.

*

प्रथम शब्दाकडे पाहू. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा सण. गोव्याच्या आणि वसईच्या वाटेने तो मराठीत इतका मुरला की आपल्याला तो परका वाटत नाही. पण या शब्दाचे एक भावंड फार दूर राहते. वास्को द गामा हिंदुस्थानकडे येत असताना १४९७ सालच्या नाताळात त्याची गलबते आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून चालली होती. त्याने त्या किनाऱ्याला 'नाताल' हेच नाव दिले. पुढे १८९३ साली बॅरिस्टर गांधी ज्या नाताळात उतरले तो हाच प्रांत. आता लक्षात घ्या, विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. म्हणजे नाताळाचे नाव धारण करणारा प्रांतच मुळी उन्हाळ्यातल्या नाताळाच्या नावाने ओळखला गेला.

युरोपात मात्र हा सण थंडीशी घट्ट बांधलेला आहे. रोममध्ये २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस म्हणून पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची मानतात. हीच तारीख का ठरली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस मानला जाई, आणि तिथून दिवस वाढू लागतो, एवढे खरे. अंधार सर्वांत दाट असताना दिवा लावायचा, ही त्यातली भावना. जर्मनीतले सदाहरित झाड, त्यावरच्या मेणबत्त्या, शेगडीभोवतीची जेवणे, सगळे त्या अंधारातून आणि थंडीतून आले. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. आज जगभर लुकलुकणाऱ्या माळांचे मूळ तिथे आहे.

हा सगळा संसार १७८८ साली इंग्रजांनी गलबतांत भरून ऑस्ट्रेलियाला नेला. तारीख तीच राहिली, ऋतू मात्र पालटला. शेगडीभोवती खायचे जड पक्वान्न घामाघूम होऊन खाण्याची वेळ आली. तरी लोकांनी तारीख बदलली नाही. सणाला हळूहळू नवी अंगे फुटली. मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर मायर नावाचे मोठे दुकान आहे. १९५६ साली त्या शहरात ऑलिंपिक सामने झाले, त्या वर्षापासून दुकानाच्या काचांमागे नाताळात हलते देखावे मांडतात आणि लोक मुलांना घेऊन ते पाहायला रांग लावतात. आपल्याकडे गणपतीतले देखावे पाहायला निघतात तसेच.

त्याहून मला भावली ती मेणबत्त्यांची गोष्ट. १९३७ च्या नाताळाच्या आदल्या रात्री नॉर्मन बँक्स नावाचा रेडिओवरचा निवेदक काम आटोपून घरी निघाला होता. वाटेत एका खिडकीशी एक वृद्ध बाई मेणबत्ती लावून, रेडिओवर लागलेली नाताळाची गाणी एकटीच ऐकत, त्याबरोबर गुणगुणत बसलेली त्याला दिसली. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, त्याने शहरातल्या एका बागेत लोकांना मेणबत्त्या घेऊन गाण्यासाठी बोलावले आणि हजारो माणसे आली. हा कार्यक्रम आजही दर वर्षी होतो आणि त्यातून जमणारा पैसा अंध आणि अधू दृष्टीच्या लोकांसाठी जातो. उघड्या बागेत, रात्री, गवतावर बसून, मेणबत्ती हातात धरून गाणे हे लंडनच्या डिसेंबरात कसे जमावे? उकाड्याची रात्र होती म्हणूनच ही चाल पडली.

*

आता आपल्या गावाकडे येतो. बऱ्हाणपूर आणि नाताळ यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध चारशे वर्षांहून जुना आहे.

सन १६०० मध्ये अकबर बादशहा फारुकींच्या बऱ्हाणपुरात येऊन बसला आणि त्याच्या फौजेने असीरगडाला वेढा घातला. दक्षिणेच्या त्या स्वारीत बादशहाबरोबर दोन जेझुइट होते. एक पाद्री जेरोम झेवियर, गोव्याच्या प्रसिद्ध संत फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला. दुसरा बेंतू द गोइश. हे लोक १५९५ पासून बादशहाच्या दरबारी होते. लाहोरला ते नाताळात गव्हाणीचा देखावा मांडत आणि तो बघायला सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागे. जेझुइटांच्या वृत्तांतात असे आहे की गड हाती येईना तेव्हा अकबराने झेवियरला चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवण्यासाठी पत्र लिहायला सांगितले, झेवियरने ते नाकारले आणि बादशहा संतापला. अखेर जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्याच वर्षी गोइश बादशहाच्या वकिलाबरोबर बऱ्हाणपुराहून गोव्याला गेला. पुढे तो काबूल-यारकंदच्या वाटेने चीनपर्यंत चालत गेला आणि १६०७ मध्ये तिकडेच वारला.

म्हणजे १६०० सालचा नाताळ आला तो असीरगडच्या वेढ्यात. असीरगडच्या पायथ्याशी डिसेंबरात बोचरी थंडी असते हे आपण जाणतोच. राहुट्या आणि शेकोट्या यांच्यात त्या दोन परदेशी माणसांनी आपला सण आठवला असेल, एवढे म्हणायला हरकत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाजवळ सणाची तारीख तेवढी उरते.

आणि तारीख तरी एकच होती का? पोपने १५८२ मध्ये पंचांग सुधारले आणि पोर्तुगीजांनी ते लगेच घेतले. इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतले नाही. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला, शहजादा परवेझला भेटला, इथेच तापाने आजारी पडला आणि पुढे २३ डिसेंबरला अजमेरला पोहोचला. ही त्याच्या पंचांगातली तारीख. पोर्तुगीजांच्या हिशेबाने तोवर २ जानेवारी उजाडली होती. म्हणजे एकाच देवाच्या जन्माचे दोन दिवस, दहा दिवसांच्या अंतराने, एकाच मुलखात. कोणाचा खरा? ज्याचा त्याला.

*

पंचांगांचा हा गुंता समजून घ्यायला बऱ्हाणपूरच्या माणसाने मेलबर्नला जायची गरज नव्हती. आमच्या गांधी चौकातल्या जामा मशिदीत तो भिंतीवरच कोरला आहे. राजा अली खान फारुकीच्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख आहे. त्यात संवत १६४६, शके १५११, पौष महिना असा काळ, तिथी आणि नक्षत्रासह, दिलेला आहे. इसवी सन १५९० चा जानेवारी. मशिदीत पौषाची तिथी कोरणारा तो राजा आणि ती निमूट कोरणारा तो पाथरवट, दोघांनाही त्यात काही विपरीत वाटले नसावे. पुढे अकबराच्या विजयाचा फारसी लेखही इथेच कोरला गेला. अकबराने तर १५८४ मध्ये स्वतःचा इलाही सन काढला होता, सूर्याच्या वर्षाचा. कारण चांद्र वर्षाने सारा घेतला तर पीक एका वेळी आणि सारा भलत्याच वेळी, असा रयतेला जाच होई. असीरगड जिंकल्यावर पाडलेल्या सोन्याच्या मोहरेवर एका बाजूला ससाणा आहे आणि दुसऱ्या बाजूला इलाही ४५ हे साल.

तीन हिशेब झाले. हिजरी सन शुद्ध चंद्राचा. तो दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आमचे पंचांगही चंद्राचेच, पण अधिक महिना घालून आपण त्याला ऋतूशी बांधून ठेवले आहे. इंग्रजी कॅलेंडर सूर्याचे. ते हलत नाही, पण विषुववृत्त ओलांडले की त्यातले ऋतूच उलटे होतात.

मी ज्या गल्लीत राहतो तिथे एक यंत्रमागवाले बुजुर्ग माझे चाळीस वर्षांचे स्नेही आहेत. लहानपणी थंडीत केलेली ईद आणि आता मेच्या उन्हात केलेली ईद, दोन्ही त्यांनी पाहिल्या. लोधीपुऱ्याजवळच्या बोहरांच्या दर्ग्यावर शव्वालात उरूस भरतो, तोही असाच ऋतूंमधून फिरतो. कधी दिवे थंडीत लागतात, कधी लू वाहत असताना. एकदा मी त्यांना विचारले, उन्हाळ्यातल्या रोजांचा त्रास नाही का होत? ते हसून म्हणाले, "गुरुजी, दिन आता है तो आता है. मौसम पूछ के थोडी आता है."

हे वाक्य मी ऐकले आणि विसरलो. ते मला आठवायला हवे होते त्या दिवशी आठवले नाही.

*

आपल्या खानदेश-निमाडच्या पट्ट्यात उन्हाळ्याचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. देशावर त्या दिवशी सोने खरेदी करतात. आपल्याकडे दिवाळीच्या तोडीचा हा सण. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पण या सगळ्याच्या आधी सकाळी पितरांची घागर भरायची. लाल मातीची नवी घागर, त्यावर मातीचे लहान भांडे, त्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास घालून आगारी टाकायची आणि उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवत गेलेल्यांची नावे घ्यायची. वैशाखाच्या वणव्यात आपल्या गेलेल्या माणसांना तहान लागली असेल, त्यांना गार पाणी मिळावे, एवढा साधा त्यामागचा विचार. ज्या तापीकाठच्या गावात डोंगरातले पाणी जमिनीखालून आणून कुंडी भंडारा बांधावा लागला, त्या गावाला पाण्याचे दान कळते.

माझी पत्नी २०२३ च्या जानेवारीत, पौषातच, गेली. तिची पहिली आखाजी २२ एप्रिलला आली. त्या वर्षी योगायोगाने ईद आणि आखाजी एकाच दिवशी होती. त्याच्या आदल्या वर्षीही ३ मे २०२२ ला तसेच झाले होते. गल्लीत एका बाजूला शीरखुर्म्याचा वास आणि दुसऱ्या बाजूला पुरणाचा. आदल्या रात्री मुलाचा फोन आला.

"बाबा, आईची घागर मी इथं पण भरू का?"

मी इतिहासाचा मास्तर. मी त्याला ऋतुचक्र समजावून सांगितले. म्हणालो, "अरे, तिथं आता थंडी सुरू होते आहे. घागर उन्हाळ्याची असते. तुझ्याकडे पाऊस पडतो आहे, तू पाणी कोणाला पाजणार? इथं मी भरतोच आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, बाबा." आणि फोन ठेवला.

मी घागर भरली, बोट उमटवले, तिचे नाव घेतले. काही चुकले असे वाटले नाही. वाटले ते आठ महिन्यांनी, त्या दिव्यांच्या रस्त्यावर.

*

मुलाच्या शेजारी ऐंशी ओलांडलेली एक बाई एकटी राहते. आम्ही दिवे पाहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या एप्रिलची आठवण यावी अशा उन्हात, ती आपल्या खिडकीच्या कडेला कापूस चिकटवत होती. मुलगा मदतीला गेला, मीही मागोमाग गेलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला विचारले की बर्फ कधी पडत नसताना हे कशासाठी? तिला त्यात रागावण्यासारखे काही वाटले नाही. तिने सांगितले की तिची आजी स्कॉटलंडहून आली होती. आजी लावत असे, मग आई लावत असे. तिने स्वतः बर्फ आयुष्यात एकदाच पाहिला आहे. कापूस लावताना तिला बर्फ आठवत नाही, आजी आठवते.

ती हे बोलली तेव्हा मुलगा शिडीवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कापूस नीट दाबून बसवत राहिला.

मला वाटते, माझी चूक अशी झाली. रीत ऋतूतून जन्मते हे मला ठाऊक होते, कारण ते पुस्तकात असते. पण जन्मल्यावर ती माणसांच्या हातून चालत राहते आणि मग ऋतू नसला तरी तिचे अडत नाही, हे मला गल्लीतल्या स्नेह्याने सांगूनही कळले नव्हते. आपण सीमेवरची मराठी माणसे तर असेच जगत आलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नकाशावर रेघ ओढली आणि आपण तिच्या या बाजूला राहिलो. दुकानात हिंदी, कचेरीत हिंदी, मुलांची पुस्तके हिंदी. आणि घरात आखाजी, गौराई, सांजोरी. 'महाराष्ट्रात राहत नाही, तर मराठी कोणाशी बोलता?' असे कोणी विचारले असते तर आपल्याला किती लागले असते. मी माझ्या मुलाला नेमके तेच विचारले होते, फक्त पाण्याविषयी.

यावर कोणी म्हणेल की अर्थ सोडून नुसती रीत चालवणे म्हणजे कवायत. हा आक्षेप मी पुष्कळ वर्षे स्वतः वर्गात मांडला आहे आणि तो सगळा खोटा नाही. मेलबर्नच्या बाजारात बर्फाच्या नावाखाली जे प्लास्टिक विकले जाते त्यात मला आजही काही दिसत नाही. पण खरे-खोटे तपासायची कसोटी हवामान नव्हे. ती रीत पाळताना कोणाची आठवण निघते का, आणि ती पुढच्या पिढीला सांगता येते का, हे पाहावे. खिडकीशी मेणबत्ती लावून एकटीच गाणाऱ्या त्या बाईमुळे उद्या आंधळ्यांना आधार मिळेल, हे तिला कुठे माहीत होते?

परत येण्याच्या आदल्या रात्री मी नातीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "नाताळ उलटा नाही. तो लांबून आला आहे, एवढंच."

*

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. त्यामुळे पुढच्या वर्षी ईद ११ एप्रिलला आणि आखाजी १० मे ला पडली. दोन वर्षे हातात हात घालून आलेले दोन सण पुन्हा महिनाभर लांब गेले. ते ऋतू फिरून परत कधी भेटतील तेव्हा मी असेन असे नाही.

त्या आखाजीला मीच पहाटे मुलाला फोन केला. तिकडे दुपार व्हायला आली होती, बाहेर गारठा होता आणि पाऊस लागला होता. मी विचारण्याआधीच त्याने सांगितले की मातीची घागर मिळाली नाही, म्हणून आईने पहिल्या खेपेला बरोबर दिलेला पितळी तांब्या काढला आहे. खरबूज आहे, आंबा डब्यातला आहे. सांजोऱ्या सुनेने केल्या, थोड्या फुटल्या. चूल नाही, तेव्हा आगारी कशावर टाकायची?

"कोळशाची शेगडी?"

"आहे, अंगणात. पण पाऊस आहे."

"मग छत्री धर," मी म्हणालो.

फोन तसाच चालू ठेवून ते सगळे अंगणात गेले. मला पाऊस ऐकू येत होता. तुपाचा घास निखाऱ्यावर पडल्याचा आवाज आला. मग नातीने मोठ्याने विचारले, कुंकवाचं बोट कुठं लावायचं, दाराला उंबरठाच नाही. मुलगा म्हणाला, दाराशी खाली फरशीवर लाव. आणि तिने, थोडे अडखळत, माझ्या पत्नीचे नाव घेतले.

माझ्या अंगणात तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि ऊन आत्ताच चटके देऊ लागले होते. मी घागरीवरचे खरबूज सरळ केले आणि माझे बोट उमटवायला उठलो.